तेल महागलं तर, तेल आलंच नाही तर: सोसायटी आणि गावासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्याच्या एका उपनगरात साठ घरांच्या सोसायटीत राहतो आणि माझं गाव खटाव तालुक्यात आहे. दोन्हीकडच्या बैठकांत गेली काही वर्षं साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरं तोंडपाठ झाली म्हणून लिहून काढली.

तेल खरंच संपत आलंय का?

नाही. तेल संपणार हे भाकीत जुनंच आहे. १९५६ मध्ये हबर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने सांगितलं होतं की त्यांच्या देशातलं उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरायला लागेल. ते १९७० मध्ये अगदी तसंच झालं. पुढे खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेने स्वतःचाच तो उच्चांक मोडला. त्यामुळे "अमुक साली शेवटचा थेंब" असं कोणी सांगू लागलं, तर चहा पाजून वाटेला लावा.

आपली अडचण निराळी आहे. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून अधिक बाहेरचाच, आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच वाटेने जातो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे जमिनीखालच्या गुहांत सरकारने जो राखीव साठा उभारला, त्याची क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे देशाच्या साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकी आहे. तेल कंपन्यांच्या टाक्यांतला साठा याखेरीज.

मग तयारी कशाची करायची? भाववाढीची की टंचाईची?

दोन्हींची, पण वेगवेगळी. भाववाढ दुखणाईतासारखी हळूहळू खंगवते आणि टंचाई अपघातासारखी एका सकाळी येते. भावाचं म्हणाल तर जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलर झाले होते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या बाजारात एक दिवस भाव चक्क शून्याखाली गेला, म्हणजे "तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या". दोनच वर्षांनी युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि भाव पुन्हा १२० च्या वर. यावर पैज लावून सोसायटीचं अंदाजपत्रक करता येत नाही. करता येतं ते एवढंच, की भाव कुठेही गेला तरी आपल्याला तेल कमी लागावं.

महाराष्ट्रात असं कधी झालंय का? उगाच घाबरवताय.

१ आणि २ जानेवारी २०२४ आठवा. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांना नव्या कायद्यात कडक शिक्षा ठेवली, म्हणून ट्रक-टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि नाशिकपासून नागपूरपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. तिकडे हैदराबादेत खाणं पोचवणारा एक पठ्ठ्या घोड्यावरून निघालेला सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला. दोन दिवसांत संप मिटला, नाहीतर तिसऱ्या दिवसाचं कोणाला ठाऊक!

आमच्या सोसायटीत २ तारखेला सकाळी पाण्याचा टँकर आला नाही. नेमकी तेव्हाच वीज गेली. जनरेटरच्या टाकीत किती डिझेल आहे ते पाहायला सेक्रेटरी खाली गेले, तर काटा लाल पट्टीत. हा जनरेटर तासाला आठेक लिटर पितो. चौथ्या मजल्यावर ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले एक आजोबा होते, हे निम्म्या सभासदांना त्या दिवशी कळलं. दुपारी वीज आली म्हणून निभावलं.

त्याआधीचं पाहायचं तर ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंतचा एसटीचा संप आहे. तेल होतं, पण गाडी नव्हती. गावाला फरक काय पडतो? आणि वीस वर्षांपूर्वीचं भारनियमन विसरलेला माणूस मला मराठवाड्यात अजून भेटलेला नाही.

दाभोळच्या वीज प्रकल्पाची गोष्टही तेलाचीच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. १९९९ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा नाफ्त्यावर चालायचा. नाफ्ता हा तेलाचाच भाऊबंद. शिवाय विजेचा हिशोब डॉलरशी बांधलेला. तेल वर, रुपया खाली, आणि वीज मंडळाचं बिल आभाळाला. मे २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणंच थांबवलं. एवढा मोठा प्रकल्प उभाच राहिला आणि गावं अंधारात.

आमच्याकडे बहुतेकांच्या स्कूटरच आहेत. आमचा तेलाशी संबंध तेवढाच ना?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि खरी गंमत इथेच आहे.

एका रविवारी आम्ही चौघं कागद-पेन घेऊन क्लबहाउसमध्ये बसलो आणि सोसायटीत तेल कुठून कुठून येतं ते लिहीत गेलो. स्कूटर, गाड्या, जनरेटर इथपर्यंत सगळ्यांनी पटापट सांगितलं. मग वॉचमन म्हणाला, "आणि टँकर, साहेब?"

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दिवसाला चार टँकर येतात. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे दहा टन वजन. आमचा टँकरवाला वीस किलोमीटरवरच्या विहिरीवरून भरतो, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस. त्याला आठ-दहा लिटर डिझेल लागतं. एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते, म्हणजे एका खेपेला ऐंशी ते शंभर युनिट. तेच पाणी आमच्या गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंपाला लागतात फार तर दोन युनिट! आम्ही मात्र तीन वर्षं पंप जुना झाला, वीज खातो, म्हणून भांडत होतो.

त्यानंतर दुधाच्या पिशव्या, भाजीचा टेम्पो, कचऱ्याची गाडी, बाटल्यांचं पाणी, शाळेची बस हे सगळं त्या कागदावर आलं. स्कूटर शेवटी कुठेतरी तळाला गेली. तुमचा कागद वेगळा निघेल. पण तो लिहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

त्या कागदाचं पुढे काय केलंत?

गळके नळ दुरुस्त केले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन टाक्यांचे बॉलकॉक बिघडलेले होते आणि रात्री टाकी भरून पाणी गच्चीवरून गटारात जात होतं. ते बदलले, नळांना जाळ्या बसवल्या, पावसाचं पाणी बोअरला सोडलं. त्या उन्हाळ्यात चाराचे तीन टँकर झाले. आमच्या सोसायटीत तेलाची सगळ्यात मोठी बचत प्लंबरने केली, सोलरवाल्याने नव्हे.

गावात टँकर नाही. तिथे पाण्याचा आणि ऊर्जेचा काय संबंध?

शहरापेक्षा जास्त. एक एकर रानाला दोन इंच पाणी द्यायचं म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. हे पाणी दोनशे फुटांवरून उपसलं तर साध्या पंपाला ऐंशीएक युनिट लागतात. तेच चाळीस फुटांच्या विहिरीतून उपसलं तर सोळा. पिकाला पाणी तेवढंच मिळतं, ऊर्जा पाचपट. डिझेल इंजिन असेल तर हाच फरक थेट खिशातून जातो.

म्हणून मी पाणलोटाच्या कामाला ऊर्जेचं काम म्हणतो. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला. जग ते पाण्यासाठी बघायला जातं. मला त्यात न जळलेली वीज आणि डिझेल दिसतं. आमच्या तालुक्यात उलटा खेळ चालतो. एकाने तीनशे फूट मारलं की शेजारी चारशे मारतो, आणि मग दोघंही वीजबिल माफीच्या मोर्चात एकत्र.

ग्रामपंचायतीचा कारभार पाहिलाय त्यांना माहीत असतं की नळपाणी योजनेचं वीजबिल हा पंचायतीचा मोठा खर्च असतो. ते थकलं की कनेक्शन तुटतं आणि बायका हंडे घेऊन रस्त्यावर येतात. सोलर पहिल्यांदा बसवायचंच असेल तर पाणीयोजनेच्या पंपावर बसवा, चौकातल्या शोभेच्या दिव्यावर नको.

छतावर सोलर बसवलं की सुटलो ना?

बिलातून बऱ्यापैकी सुटाल, अंधारातून नाही. नेट मीटरचं, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं साधं सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी रचना मुद्दाम केलेली असते. भर दुपारी डोक्यावर ऊन, छतावर वीस पॅनेल, आणि लिफ्ट बंद! हे बसवून झाल्यावर कळतं आणि मग सेक्रेटरीचा उद्धार होतो. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो महाग पडतो. म्हणून फक्त पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि एखाद्या घरातलं वैद्यकीय यंत्र एवढ्यापुरताच घ्यावा.

अंदाजासाठी सांगतो: एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळं, सावली नसलेलं छत लागतं आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त, आणि धूळ पुसली नाही तर बाराही महिने कमी. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलं. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये, त्यात गाड्यांचं चार्जिंगही धरलेलं. अर्ज करण्याआधी त्या दिवशीचा नियम पाहून घ्या.

गावच्या गाव सोलरवर गेलेलं पाहायचं असेल तर पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला जा. राज्यातलं पहिलं सौरग्राम ते. मोठमोठी गावं ठराव करत राहिली आणि या छोट्या वाडीने करून दाखवलं, यात मला नवल वाटत नाही. जिथे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात तिथे वर्गणी लवकर जमते.

गॅस सोडून इंडक्शन घ्यावं का?

घ्या, पण गॅस सोडू नका.

हिशोब असा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. ज्योतीतली साठेक टक्के भांड्याला लागते, बाकीची स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनवर पंचाऐंशी टक्के लागते. म्हणजे एक सिलिंडर बरोबर सव्वाशे ते एकशे तीस युनिट वीज. आता तुमचं बिल काढा आणि शेवटचा टप्पा पाहा. शंभर आणि तीनशे युनिटांपाशी दर उडी मारतो. दीडशे युनिटवाल्या घराला इंडक्शन परवडेल, २८० वाल्याला कदाचित नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. सिलिंडर मिळेनासे झाले आणि साठ घरांनी संध्याकाळी सातला दोन हजार वॉटची शेगडी लावली, तर एकशे वीस किलोवॉटचा भार एकदम येतो. जुन्या इमारतीची केबल त्यासाठी टाकलेलीच नसते. म्हणून आधीच ठरवून ठेवा: सम मजले साडेसहाला, विषम मजले आठला. हसू येईल, पण फ्यूज उडाल्यावर कोणी हसत नाही.

आणि भाकरी? लोखंडी तवा सपाट असेल तर इंडक्शनवर भाकरी भाजते, पण फुगवायला ज्योतच लागते. आमच्या आईने तीन दिवस प्रयत्न केला आणि चौथ्या दिवशी शेगडी माझ्या हातात दिली. आता तिच्यावर चहा, दूध, डाळ-भात होतो आणि गॅसवर फक्त भाकरी. सिलिंडर पस्तीस दिवसांऐवजी दोन महिन्यांपेक्षा जास्त जातो.

आजीची एक युक्ती याहून स्वस्त आहे. भाताला चांगली उकळी आली की पातेलं खाली घ्यायचं आणि जाड गोधडीत गुंडाळून ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासात भात आपला आपण शिजतो. आजी हे रॉकेल वाचवायला करायची. रेशनवर मोजून मिळायचं ना.

बायोगॅसचं काय? आमच्या गावात सगळ्या टाक्या बंद पडल्यात.

बंद का पडल्या ते आधी विचारा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. त्यातून मिळणारा गॅस दिवसाला जेमतेम पाऊण ते एक किलो एलपीजीच्या तोडीचा. छोट्या घराला पुरून उरतो. पण अनुदान मिळालं म्हणून टाकी बांधली, पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले, एक म्हैस उरली. आता त्या टाकीवर तुराट्या रचून ठेवलेल्या दिसतात.

शेण नसेल तर खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेत, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेत, ते विकसित झालं आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. शिळा भात, पीठ, खराब झालेली फळं यांपासून शेणापेक्षा लवकर आणि जास्त गॅस मिळतो. घरापेक्षा मंगल कार्यालय, वसतिगृह, मोठी खानावळ अशा ठिकाणी हे जास्त चालतं, कारण तिथे खरकटं रोज येतं आणि ते टाकायला पगारी माणूस असतो. सोसायटीत "रोज कोण टाकणार" या प्रश्नावर माझ्या डोळ्यांदेखत दोन प्रकल्प मेले.

गावात लाकूडफाटा आहे. वेळ आली तर चूल पेटवू.

आठवडाभर जमेल. सगळं गाव रोज पेटवू लागलं तर दोन वर्षांत बांधावरची झाडं राहणार नाहीत आणि बायकांच्या छातीत धूर जाईल तो वेगळाच. पण पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचं पाचट हे आपण शेतातच पेटवून देतो. त्यांच्या दाबून केलेल्या विटा, म्हणजे पांढरा कोळसा, कारखानेवाले पैसे देऊन घेतात. गावातल्या एखाद्या बचत गटाने चार महिन्यांचा पाला-काड कोरडा राखून ठेवला, तरी शाळेची खिचडी अडणार नाही. धुराड्याची चूल मात्र हवीच.

शेतीला काय होईल?

तेल दोन वाटांनी शेतात येतं. ट्रॅक्टरचं डिझेल दिसतं. खत दिसत नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो आणि त्यातला बहुतेक वायू आयातीचा. दुकानात ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण बाकीचं सरकार भरतं. म्हणून वायू महागल्याचं शेतकऱ्याला भावातून कळत नाही. त्याला ते दुकानापुढच्या रांगेतून कळतं.

भातवाल्यांनी नेरळच्या सगुणा बागेत जाऊन यावं. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथे एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक, ही भातशेतीची पद्धत बसवली. एकदाच गादीवाफे करायचे, पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. मुळं जमिनीतच कुजू द्यायची. चिखलणीचं डिझेल वाचतं, मजुरी वाचते. तणाचा बंदोबस्त शिकून घ्यावा लागतो, ते मात्र आधी विचारून घ्या.

सौर कृषिपंप राज्याच्या योजनेत दहा टक्के भरून मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. दिवसा पाणी देता येतं, रात्री सापाच्या भीतीने बॅटरी घेऊन जावं लागत नाही, हे फार मोठं सुख आहे. पण पंप फुकट चालतो म्हणून दिवसभर चालूच राहिला, तर वर सांगितलेले दोनशे फूट लवकरच तीनशे होतील. सौरपंपाबरोबर ठिबक आणि गावाचा पाणी ठराव हवा.

बैल? कारखान्याच्या गाडीतळावर आजही बैलगाड्यांची रांग लागते. डिझेल कितीही महागलं तरी ती गाडी उभी राहत नाही. पण वर्षभर जोडी पोसणं एकट्याला परवडत नाही. अवजारे बँक जशी गटाने चालवतात तशी दोन-तीन घरांत एक जोडी ठेवलेली मी पाहिली आहे. बरी चालते, दिवाळीपर्यंत तरी. मग कोणाच्या रानात आधी, यावरून वाजतं.

मासेमारीला?

कोकणातल्या मित्रांसाठी थोडक्यात: यांत्रिक होड्यांना मच्छीमारांच्या सहकारी संस्थेमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो हाती यायला वेळ लागतो आणि मधला काळ कर्जावर काढावा लागतो. संस्थेने त्या मधल्या काळासाठी स्वतःचा फिरता निधी उभारावा. शिडावर जाणारे हात अजून आहेत, पण ती होडी दूर जात नाही.

एसटी, शाळा, दवाखाना यांचं काय करायचं?

संपाच्या त्या पाच-सहा महिन्यांत आमच्या गावातल्या आठवीच्या पुढच्या मुलींची शाळा सुटायला आली होती. मुलींना एसटीचा पास मोफत आहे. वडापच्या खासगी जीपला रोज पैसे मोजावे लागतात, तेही मागे लोंबकळून. शेवटी दोन पालकांनी जीप ठरवून महिन्याचा हिशोब लावला. हे काम टंचाई येण्याआधी करून ठेवा. कोणाकडे कोणती गाडी आहे, कोण कुठल्या दिवशी तालुक्याला जातो, डायलिसिसला कोणाला न्यावं लागतं, सगळं एका वहीत. मोबाइलवर नको, वहीत. वीज गेल्यावर वहीच उघडते.

पुणेकरांना सायकल सांगायची म्हणजे काशीला गंगा सांगायची. हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं. आता मुलाला सायकलवर पाठवायला जीव धजत नाही, तो चढामुळे नव्हे, मागून येणाऱ्या डंपरमुळे.

इथेनॉल आहे, इलेक्ट्रिक गाड्या आहेत. प्रश्न सुटलाच की?

इथेनॉलचं मिश्रण २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेलं. उसाला भाव मिळतो हे खरं. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, आणि ऊस पाणी किती पितो ते मराठवाड्याला विचारा. इलेक्ट्रिक दुचाकी रोजच्या वीस-तीस किलोमीटरला उत्तम. सोसायटीत चार्जिंगचे पॉइंट करताना आधी मीटर आणि वायरिंग तपासा. तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेली एक्स्टेन्शनची वायर मला रोज दिसते.

पेट्रोल-डिझेल भरून ठेवावं का?

पेट्रोल घरात अजिबात नको. जनरेटरची टाकी कायम भरलेली ठेवा, एवढंच.

टंचाई आलीच तर आधी कोणाला द्यायचं?

हे आधी ठरवा, रांगेत उभं राहून नाही. श्रीलंकेत जून २०२२ च्या अखेरीस दोन आठवडे फक्त अत्यावश्यक सेवांनाच इंधन मिळत होतं. नंतर क्यूआर कोडवर आठवड्याचा वाटा आला: मोटारसायकलला ४ लिटर, रिक्षाला ५, मोटारीला २०. ही पद्धत आल्यावर रांगा ओसरल्या. त्याआधी लोक गाडीतच झोपत होते. तेल वाढलं म्हणून नव्हे, तर आपल्याला किती आणि कधी मिळणार हे कळलं म्हणून माणूस घरी गेला.

आमच्या सोसायटीने सर्वसाधारण सभेत तीन ओळींचा ठराव केला आहे. जनरेटर आधी पाण्याच्या पंपासाठी, मग वैद्यकीय यंत्र असलेल्या घरांसाठी, मग सकाळ-संध्याकाळ एक-एक तास लिफ्टसाठी. एसीसाठी कधीच नाही. ही शेवटची ओळ मंजूर व्हायला पाऊण तास लागला.

क्युबाचं उदाहरण सगळे देतात. ते काय आहे?

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि क्युबाला येणारं स्वस्त तेल निम्म्याच्याही खाली आलं. चीनमधून दहा लाखांहून जास्त सायकली आणल्या. ट्रकला जोडलेली, दोन मदारींची, "उंट" म्हणून ओळखली जाणारी बस रस्त्यावर आली. पिवळ्या गणवेशातला माणूस चौकात उभा राहून सरकारी गाड्या थांबवायचा आणि रिकाम्या जागेत लोकांना बसवायचा. हवानाच्या मोकळ्या जागांत भाजीचे वाफे झाले.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची सांगत नाहीत. माणसांची वजनं उतरली. १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांहून जास्त लोकांना डोळ्यांच्या आणि मज्जातंतूंच्या आजाराने गाठलं, आणि त्यात अपुऱ्या आहाराचा वाटा होता. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या देशाची वीज पुन्हा सगळीच्या सगळी गेली. मला त्यातून घ्यावासा वाटतो तो पिवळ्या गणवेशातला माणूस. आपल्या चौकातून रोज सकाळी एकेक माणूस बसलेल्या किती मोटारी जातात, मोजून पाहा.

हे सगळं सरकारनेच करायला नको का?

साठे, आयात, एसटी, कर हे सरकारचंच काम, आणि ते मागत राहिलं पाहिजे. परभणीत पेट्रोल वर्षानुवर्षं राज्यात सगळ्यात महाग का, तर ते दूरच्या मनमाडहून टँकरने येतं. यात परभणीकराने सायकल चालवून काही होणार नाही. पण तुमच्या गच्चीवरचा बॉलकॉक बदलायला मंत्रालयातून कोणी येणार नाही.

बैठक बोलावली तर पाच जण येतात. काय करू?

"ऊर्जा" या शब्दाची बैठक बोलावू नका. टँकरच्या बिलाची बोलावा. आमच्याकडे पहिल्या बैठकीला सहा जण होते, दुसरीला एक्केचाळीस. फरक एवढाच की दुसऱ्या नोटिशीत मेंटेनन्स वाढणार असं लिहिलं होतं.

आणि तेल पुन्हा स्वस्त झालं तर ही मेहनत वाया गेली का?

२०२० मध्ये भाव शून्याखाली गेला तेव्हाही आमच्याकडे टँकर येतच होते आणि त्यांच्या दरात एक पैसा उतरला नव्हता. गेल्या मेमध्ये चौथा टँकर आला नाही. वॉचमनच्या वहीत त्या रकान्यात रोज एक आडवी रेघ आहे.